आम्ही भामाला काय केलं

भामा गेल्याचं मला गावाच्या ग्रुपवर कळलं. भिंतीला भिंत लागून घर, आणि कळलं मोबाइलवर. श्वास लागत होता म्हणून दोन दिवसांपूर्वी तिला बीडला दवाखान्यात नेलं होतं. गाडीत बसताना ती म्हणाली होती, "ये की तू पन." मी म्हणाले, "परवा येते गं," कारण लग्नसराईचे अकरा ब्लाउज अंगावर होते आणि नवरीकडच्या बाया दारात बसून होत्या. तो परवाचा दिवस उगवला तेव्हा मी टेबलावर कापड पसरून कात्री चालवत होते. मोबाइल वाजला. ‘आपल्या गावच्या माजी सरपंच सत्यभामाबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन…’ आणि खाली जोडलेल्या हातांची ही भली मोठी रांग. देवाशपथ सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, हा ‘माजी’ हिला पटला नसता. ‘माजी’ म्हटलं की ती फणकाऱ्यानं म्हणायची, "माजी म्हंजे मुदत भरून घरी गेल्याली. मी कुटं भरली मुदत?"

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाल्यांचा फोन आला की तुम्ही मागे हुरड्यावर छान लिहिलं होतं, बचत गटावर लिहिलं होतं, आता तुमच्या मैत्रिणीवर लिहा. मी हो म्हणाले आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, चहाचं आधण ठेवते, विसरते, करपलेलं पातेलं घासते, परत येऊन बसते. पाच वेळा लिहून फाडलं. हे म्हणाले, "हुरड्यावर तर एका बैठकीत लिवलंतस." हुरडा भाजून खायचा असतो हो, त्याचं काय. भामावर लिहायचं तर दुसऱ्याच ओळीत प्रश्न येतो. ती सव्वादोन वर्षं सरपंच होती, आणि मग? मग काय झालं? तिथं एक शब्द लिहावा लागतो, आणि तो शब्द लिहायचा मी चौदा वर्षं टाळत आले आहे.

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात लग्न होऊन आलो. गोदावरीच्या काठचं गाव, गेवराई तालुका. मी दहावी पास, शिवणकाम शिकलेली, जराशी शिष्ट. भामा चौथी शिकलेली, चौसाळ्याकडची, उंच, हाडापेरानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. पहिली सहा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दिवाळी झाली की टोळी निघायची ती पार उन्हाळा लागल्यावर परत. पुढे तिच्या नवऱ्याला शाळेत शिपायाची नोकरी लागली आणि तिचा कोयता सुटला, पण टोळीचा न्याय तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. ती सांगायची, एकदा तिच्याच चुलतजावेला मुकादमानं टोळीतून काढलं. सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, बाई, तुझ्या कमरेनं काम होत न्हाई, उद्यापासून येऊ नको. "लई वाईट वाटलं आमाला," भामा म्हणायची, "पन तोंडावर सांगितलं, कावून काढलं ते सांगितलं. घरी गेल्यावर तिला कुणी चोर म्हनलं न्हाई." तेव्हा मला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

मग एका वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. गावाचं राजकारण ज्यांच्या ओसरीवर चालायचं त्या आबांनी पॅनल उभं केलं आणि बाया शोधायला निघाले. आमच्या ह्यांनी माझं नाव दिलं, मला न विचारता. भामाचं नाव तिनं स्वतः दिलं. दोघी निवडून आलो. त्या वेळी सदस्यांतूनच सरपंच निवडायचे, आणि आबांना वाटलं, चौथी शिकलेली शिपायाची बायको, जिथं म्हणू तिथं सही करील. झाली सरपंच. पहिल्याच बैठकीला तिनं ग्रामसेवकाला सांगितलं, वाचून दाखवल्याशिवाय मी सही करत न्हाई. तो वाचत बसायचा आणि ही मांडी घालून सतरंजीवर ऐकत बसायची, मधेच म्हणायची, "मागं जा, मागं जा, त्ये काय म्हनलास?" आम्ही बाकीच्या बाया पदराआड हसायचो. आमचे नवरे बाहेर खिडकीपाशी उभे असायचे. आतून बाईनं काय बोलायचं ते खिडकीतून ठरायचं. भामाचा नवरा मात्र तिकडं फिरकायचा नाही. शाळेची घंटा बरी आणि आपण बरं, असा तो माणूस.

वाद झाला तो वाळूवरून. नदीतून वाळू भरलेले ट्रॅक्टर आमच्या गावातून, शाळेच्या अगदी कुंपणाला घासून जायचे. दिवसाला किती ते मोजायला कुणी बसलं नव्हतं, पण वर्गात मास्तर काय बोलतोय ते पोरांना ऐकू यायचं नाही. भामानं ग्रामसभेत सांगितलं, गावातनं वाळूची गाडी जानार न्हाई. सगळ्यांनी माना डोलावल्या, गाड्या चालूच. मग एके दिवशी सकाळी तिनं स्वतःच्या पैशानं दोन माणसं लावून नदीकडच्या रस्त्यावर आडवा चर खोदला, आणि त्याच्या कडेला पाट टाकून दिवसभर बसून राहिली. त्या दिवशी अडकून पडलेल्या ट्रॅक्टरांमध्ये एक आमचा होता. लपवून काय करू, हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर, आणि वाळूशिवाय त्याला काम नव्हतं. हे घरी आले ते तोंडाचा चंबू करून. "तुझी मैत्रीन आपल्या पोटावर उठली," एवढंच बोलले आणि ताटावर बसले. मी वाढलं.

पुढच्या पंधरवड्यात आबांच्या ओसरीवर भामावर अविश्वास ठराव आणायचं ठरलं. नऊ सदस्य, बाई सरपंच असल्यामुळे तीन चतुर्थांश, म्हणजे सात मतं लागणार होती, आणि सातच जमत होती, त्यात माझं धरून. ज्यांनी गावाकडचं राजकारण पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. अविश्वासाच्या आधी सदस्य सहलीला नेतात. आम्हा सात जणांना दोन गाड्यांत घालून देवदर्शनाला काढलं, सोबत बायांचे नवरे. लॉजवर उतरवलं, मोबाइल काढून घेतले, जेवायला रोज गोड. मी आयुष्यात पहिल्यांदा लॉजवर राहिले ते अशी. चौथ्या दिवशी देवळात नेऊन प्रत्येकाच्या हातावर बेलभंडारा ठेवला आणि उचलायला लावला… फिरणार नाही म्हणून. माझा मुलगा तेव्हा बारावीला होता. बेलभंडारा हातात घेतला आणि मला त्याचाच चेहरा दिसला. आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, पान आणि हळद. तुम्ही उचलून बघा आणि मग मला सांगा.

बैठकीच्या आदल्या दिवशी आबांनी भामाकडे माणूस पाठवला होता. राजीनामा लिहून द्या, इज्जत राहील, आम्ही हारतुरे घालू. तिचं उत्तर गावभर झालं. "मी न्हाई सोडत. नको आसंल तर मला काढा. पन टोळीत काढत्यात तसं काढा, तोंडावर, कारन सांगून." दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले. आम्ही गाडीतून उतरलो ते थेट सभागृहात. भामा आधीच येऊन बसलेली, चापूनचोपून नेसलेलं हिरवं लुगडं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तब्येत बरी हाय का गं? पाच दिस दिसली न्हाईस." मी खाली बघितलं. नोटिशीत छापील कारण होतं, मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे. तहसीलदारांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, कुणाला बोलायचंय? भामा उठली. म्हणाली, "मला एवढंच इचारायचंय. कावून काढताय त्ये एकानं सरळ बोला. वाळूसाटी काढताय तर वाळूसाटी म्हना. मी काय खाल्लं आसंल तर त्ये म्हना." खोलीत पंखा फिरत होता, खिडकीत नवऱ्यांची डोकी. कुणी बोललं नाही. मग ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. सहा हात झाले. तहसीलदार मोजून थांबले. भामा माझ्याकडे बघत होती, रागानं नाही हो, नुसती बघत होती, जशी मी ब्लाउजचं माप घेताना ती माझ्याकडे बघायची तशी. मी हात वर केला.

झालं. त्यानंतर मात्र या गावानं एक नवलच केलं. सगळ्यांनी मिळून जे केलं त्याला कुणी नाव देईना. पेपरात आलं, ‘सरपंच पायउतार’. आबा म्हणायचे, "बदल केला." आमचे हे म्हणायचे, "ते ठरावाचं झालं तेव्हा." नवा सरपंच म्हणायचा, "बाईंनंतर मी आलो." हॉटेलात बसलेली माणसं म्हणायची, "ज्यानं बसवलं त्यानं उठवलं." चर दोन दिवसांत बुजला, गाड्या चालू झाल्या, वाळूचं नाव कुणी काढलं नाही. आणि जिथं कारण सांगितलेलं नसतं तिथं लोक आपलं कारण घालतात. वर्षाच्या आत हळूहळू सुरू झालं, काहीतरी खाल्लं असेल बाईनं, नाहीतर सरपंचाला मधेच कशाला हलवतील? ज्या बाईनं चर खणायला स्वतःचे पैसे घातले तिच्याबद्दल हे. मी ऐकायचे आणि मशीन जोरात चालवायचे.

आता पुढचं लिहिते. ठरावाचं सगळ्या गावाला माहीत आहे, त्यात माझं धाडस काही नाही. पुढचं फक्त ह्यांना आणि मला माहीत होतं, असं मी परवापर्यंत समजत होते. ठरावाला वर्ष झालं असेल, भामाच्या मुलीचं, अर्चनाचं लग्न जमत आलं होतं. मुलगा चौसाळ्याकडचा, शिकलेला, दोन्हीकडून पसंती झालेली, फक्त बोलणी व्हायची बाकी. आपल्याकडे मुलीच्या घरची चौकशी करायची तर मुलीच्या घरी जाऊन करत नाहीत, शेजारी करतात. एका दुपारी मुलाचा मामा आमच्याकडे आला. पाणी प्यायला आलो म्हणाला. हे बाजेवर बसलेले. मामानं ऊसपाणी, पाऊसपाणी विचारलं, मग हळूच म्हणाला, "शेजारचं घर कसं हाय? माणसं चांगली दिसत्यात. पन ऐकलं, बाई सरपंच हुती, मधीच काढलं. कावून काढलं?"

एक वाक्य होतं ते. ‘वाळू अडवली म्हणून काढलं,’ एवढं म्हणायचं होतं. पण ट्रॅक्टर दारात उभा होता, चाकांना ओली वाळू चिकटलेली, आणि हे माझ्याकडे बघत होते. मी मामापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "आता कसं सांगावं भाऊ… उगंच का कुणी कुणाला काढतं?" चौदा वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून एकदाच निघाला, आणि तो असा. मामानं चहा अर्धा सोडला, बशी खाली ठेवली, रामराम घातला आणि गेला.

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जमत नाही. संध्याकाळी भामा माझ्याकडे आली. आत येऊन भिंतीला टेकून बसली. तिला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मीच, मीच हो, माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले. म्हणाले, "असतं एकेकीचं नशीब. दुसरं स्थळ येईल." मग तिनं एकदम विचारलं, "विमले, मला काय केलं गं तुमी?" मला वाटलं तिला ठरावाची आठवण झाली. मी म्हणाले, "कशाला ते आता? बदल झाला, सगळीकडे होतो." ती म्हणाली, "बदल तर दिव्याच्या बलबाचा करत्यात. माणसाला काय करत्यात?" मी उठून चहा टाकला.

त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न सोडला नाही. पण गंमत बघा, येणं-जाणंही सोडलं नाही. दुपारी जेवणं झाली की ती शाळेतला शिळा पेपर घेऊन माझ्या मशीनपाशी येऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. चौथी शिकलेली बाई, अक्षर अक्षर लावत वाचायची, पण कुणाचं पद गेल्याची बातमी आली की तिचा आवाज चढायचा. "ऐक. मंत्र्याला डच्चू. म्हंजे ह्याला दारातनंच परत लावला. ऐक, इंजिनेराची उचलबांगडी. म्हंजे चौघांनी हातपाय धरून उचलला आन् दुसऱ्या गावात नेऊन टाकला, पगार चालूच. ह्याला नारळ दिला म्हंत्यात. बरं हाय, नारळ तरी दिला, मला तर त्योबी न्हाई." मी हसून हसून टाका चुकायचे. "हकालपट्टी, हे खरं. कुत्र्यावानी हाकलला. पन ह्यात निदान हाकलनारा दिसतो. पायउतार… हे मला न्हाई पटत. आपल्या पायानं उतरलं म्हंजे. माझा पाय कुटं खुर्चीवर हुता? मी तर सतरंजीवर बसायची." आणि सगळं वाचून झालं की पेपराची घडी घालत, माझ्याकडे न बघता विचारायची, "आन् मला काय केलं?" कधी मी म्हणायचे, "तेच, ठराव झाला." कधी म्हणायचे, "तुझी वेळ वाईट होती." एकदा चिडून म्हणाले, "राजकारण गं, राजकारण झालं." ती म्हणाली, "काढलं, एवढं म्हन. एकदा म्हन, मी तुला काढलं आन् ह्याच्यासाटी काढलं. मी काय तुला खात न्हाई." मी म्हणाले, "सोड ना भामे, किती वर्षं झाली." आणि ती सोडायची, त्या दिवसापुरतं. उठताना माझ्या डोक्याला तेल नाही म्हणून रागवायची, घरून आमटी आणून द्यायची. मला वाटायचं, हिला सवयच लागलीय. मला राग यायचा तिचा. एकाच गोष्टीला किती दिवस चिकटून राहायचं बाईनं. आता माझा मलाच राग येतो, पण तेव्हा तिचाच यायचा, खोटं कशाला लिहू.

अर्चनाचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, तिकडे आष्टी तालुक्यात, कडा गावाजवळ. माणसं खाऊनपिऊन बरी. लग्नात रुखवताची मांडणी मीच केली. अर्चना मला मावशी म्हणते, तिच्या बाळंतपणात तिला सैलसर ब्लाउज मीच शिवून पाठवले. सगळं कसं छान चाललेलं, बाहेरून बघणाऱ्याला.

भामाच्या तेराव्यानंतर ग्रामपंचायतीत शोकसभा झाली. आबा आता थकलेत, काठी घेऊन आले. माइक हातात घेऊन म्हणाले, "सत्यभामाबाई मोठ्या मनाच्या. गावाच्या एकीसाठी त्यांनी आपण होऊन पद सोडलं." मी कान टवकारले, मला वाटलं चुकून बोलले. पण त्यांनी ते दोनदा म्हटलं, आणि खाली बसलेला ग्रामसेवक ते लिहून घेत होता. आपण होऊन. जिनं राजीनामा लिहून द्यायला नकार दिला, जिनं ‘काढा’ म्हणून छाती पुढे केली, ती गेल्यावर पंधराव्या दिवशी यांनी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. मग कुणीतरी माझं नाव घेतलं, काकू, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. म्हणाले, "भामा… लई चांगली होती," आणि बसले. घरी येऊन मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांचा काय दोष होता? बोलायचं मला होतं, गप्प मी बसले होते.

तर असा हा लेख मी सहाव्यांदा लिहिला, वर लिहिलाय तो. लिहून ह्यांना वाचून दाखवला. भामाला ह्यांनी खांदा दिलाय, चितेपाशी हे माझ्यापेक्षा जास्त रडले, ते मी पाहिलंय. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "ठरावाचं ऱ्हाऊ दे. ट्रॅक्टरचं बी ऱ्हाऊ दे, आता कुटं हाय ट्रॅक्टर. पन त्या मामाचं काढून टाक. त्ये कुणाला म्हाईत न्हाई. पोरगी सुखात हाय, कशाला उकरून काढतीस?" खरं सांगते, मी ते पान वेगळं करून ठेवलं होतं. दोन दिवस ते शिलाई मशीनच्या खणात होतं. मग विचार केला, ज्या पोरीचं ते आहे तिलाच विचारावं. ती नको म्हणाली तर नको. परवा सकाळी अर्चनाला फोन लावला.

सगळं एका दमात सांगितलं. मामा आला होता, चहा, मी काय म्हणाले ते, जसंच्या तसं. मला वाटलं रेंज गेली. "अर्चना, ऐकतेस का?"

"ऐकतीय मावशी." आवाज शांत होता. "आईला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच दिवशी. निरोप घेऊन आलेला माणूस सांगून गेलता आईला, तुमच्या शेजारनीनंच सांगितलं म्हनून. आमी सगळे तितंच बसलतो. दादा उठला हुता तुमच्याकडं यायला. आईनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. म्हनली, कुणी तिला काय बोलायचं न्हाई. मी जाते. आन् ती गेली तुमच्याकडं."

ती गेली माझ्याकडे. भिंतीला टेकून बसली. आणि मी तिचे डोळे पुसले… मी बाजेवर बसले. मी विचारलं, "मग ती बोलली का नाही मला? तेरा वर्षं रोज येत होती गं."

"परत आली तवा आमी इचारलं, काय म्हनली मावशी? आई म्हनली, चहा पाजला. अजून न्हाई म्हनली, म्हनंल कदी तरी. तिच्या तोंडानं यायला पायजे, मी काढून घेऊन काय उपेग." मग म्हणाली, "आमी वाट बघायचं सोडलं मावशी. तिनं न्हाई सोडलं."

मला माफी मागायची होती. ती कशी मागतात तेही मला आठवेना. मी म्हणाले, "ते पान मी काढून टाकू का? तू सुखात आहेस, तुझ्या सासरी उगाच…"

ती हसली. आईसारखीच हसते, नाकातून. म्हणाली, "सुखात? हितं भाजीत मीठ जास्त झालं तरी सासू म्हनती, काढलेल्या सरपंचाची लेक, खायची सवय हाय त्यांच्या घरात. धा वर्षं झाली ऐकतीय. माझ्या पोरींसमोर म्हनती. मावशी, तुमी काढू नका ते पान. छापून आलं की अंक पाठवा. मला तिला वाचून दाखवायचंय."

फोन ठेवला आणि मी मशीनच्या खणातून पान काढून जागेवर लावलं. ह्यांनी बघितलं. पुरवणीवाल्यांना विनंती आहे, जागा कमी पडली तर वरचं काहीही कापा, पण पुढचं कापू नका.

अर्चनाच्या सासूबाई, आपली लग्नात भेट झाली होती, तुमच्या मापाचा ब्लाउज मीच शिवला होता. अर्चना तुम्हाला हे वाचून दाखवेल, तेव्हा तिला मधे थांबवू नका. तुमच्या सुनेच्या आईला आम्ही सात जणांनी काढलं. वाळूच्या गाड्या अडवल्या म्हणून काढलं. सातवा हात माझा होता, तो मी खाली ठेवला असता तर ती राहिली असती. तिनं या गावाचं काहीही खाल्लं नव्हतं. खाल्लं ते आम्ही. मी भामाला काढलं.